गिटारला लाभलेला कंठ

तानपुऱ्याच्या सुरात वाढलेल्या आमच्या कानांना जाझ संगीत उशिराच भेटले. सेवानिवृत्तीनंतर बडोद्याच्या घरी चार्ली ख्रिश्चन या अमेरिकन गिटारवादकाची ध्वनिमुद्रणे ऐकताना आम्हांला त्याच्या वाद्यसामग्रीविषयीही कुतूहल वाटू लागले.

ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गजरात साध्या गिटारचा आवाज बुडून जाई. तिच्या वाट्याला बहुधा ताल धरण्याचेच काम येई. १९३६ साली गिब्सन कंपनीने ‘ईएस-१५०’ ही विद्युत गिटार आणली. पोकळ लाकडी अंग, आणि तारांखाली चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तारांचे कंपन तेथे विद्युत्‌प्रवाहात उतरे. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर ते वाढवून त्याच पेटीतील स्पीकरमधून ऐकवी. गिटार, पेटी आणि मधली केबल, एवढाच रंगमंचावरचा संसार!

१९३९ मध्ये ख्रिश्चन बेनी गुडमनच्या ताफ्यात आला. सॅक्सोफोनवादकाप्रमाणे एकेका स्वराने गुंफलेली लांबलचक वाक्ये तो गिटारवर सहज बोलू लागला. १९४१ च्या ‘सोलो फ्लाइट’मध्ये तर अवघा वाद्यवृंद तिला साथ करतो. मार्च १९४२ मध्ये क्षयाने त्याचे निधन झाले, तेव्हा त्याचे वय अवघे २५ होते.

परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आम्हांला या पेटीचे मोल विशेष जाणवते. आमचाही आवाज मुळात हळूच आहे. तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा, म्हणून तर आपण ही सभा आणि हे त्रैमासिक चालवतो.