उजव्या कोपऱ्याची कैफियत

तयार प्रोजेक्टरची किंमत आवाक्याबाहेरची आणि मोठ्या पडद्याचा शौक मात्र अनावर, अशा पेचातून वाट काढण्यासाठी आम्ही पुण्यातल्या आमच्या माडीवर प्लायवूडच्या पेटीत एक यंत्र सिद्ध केले. जुन्या मॉनिटरमधून सोडवलेले पंधरा इंची एलसीडी पॅनेल, त्यामागे चारशे वॉटचा मेटल हॅलाइड दिवा, पुढे ३२० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग, आणि दिव्यासाठी तपकीर गल्लीतून आणलेला जडशीळ चोक, असा त्याचा मुख्य सरंजाम. दहा फुटांवरच्या भिंतीवर आठ फुटांहून रुंद चित्र उमटले तेव्हा घरची मंडळी हरखून गेली; परंतु चित्राचा मध्यभाग लख्ख दिसत असताना उजवीकडचा वरचा कोपरा मात्र ओल्या कागदावर शाई फुटावी तसा दिसत होता, आणि मध्य सोडून कोपरा साधावा तर मध्य बिघडत होता.

अशा वेळी भिंग पुढेमागे सरकवीत बसण्यात अर्थ नसतो. अंधुकपणा नेमका कोठे आहे, यावरून त्याचे कारण पुष्कळसे उमगते. चारही कोपरे सारखेच मंद असतील तर संशय भिंगाच्या क्षेत्रवक्रतेवर, म्हणजे सपाट वस्तूची प्रतिमा वक्र पृष्ठावर उमटण्यावर, घ्यावा. एकच बाजू मंद असेल तर पॅनेल आणि भिंग यांची प्रतले समांतर नाहीत असे समजावे. तरीही खातरजमा हवीच. संगणकावर बारीक रेषांची जाळी उमटवून मी पॅनेल उलटे फिरवून बसवले. अंधुकपणा जागचा हलला नाही, म्हणजे पॅनेल वाकलेले नव्हते. भिंग त्याच्या नळीत अर्धे फिरवले. तरी फरक नाही, म्हणजे तेही निर्दोष. उरली ती पॅनेलची बैठक.

दोष किती आणि कोणत्या दिशेला आहे हे काढण्याची एक युक्ती मला फार आवडते. अंधुक कोपऱ्यापुढे पांढरा पुठ्ठा धरावा आणि रेषा स्वच्छ होईतो तो भिंतीपासून हळूहळू दूर आणावा. माझ्या पुठ्ठ्यावर रेषा स्वच्छ झाल्या त्या भिंतीच्या अलीकडे सुमारे चौदा सेंटिमीटरवर. आमची प्रतिमा साडेआठपटींच्या जवळपास मोठी होत होती, आणि खोलीच्या दिशेने हे प्रमाण वर्गाने वाढत असल्यामुळे पॅनेलकडचा एक मिलिमीटर भिंतीकडे सात सेंटिमीटर होऊन बसतो. म्हणजे चौदा सेंटिमीटरच्या या साऱ्या फिर्यादीचे मूळ अवघे दोन मिलिमीटर! शिवाय भिंग प्रतिमा उलटी करीत असल्याने भिंतीवरचा उजवा वरचा कोपरा म्हणजे पॅनेलचा डावा खालचा कोपरा, आणि प्रतिमा अलीकडे उमटते याचा अर्थ तो कोपरा भिंगापासून तेवढा मागे राहिला आहे.

चार कोपऱ्यांना चार स्क्रू लावण्याचा मोह होतो, पण प्रतल तीन बिंदूंनीच निश्चित होते. चौथा स्क्रू पॅनेलला पीळ देतो. म्हणून वर मध्यभागी एक आणि खाली दोन, प्रत्येकापाशी स्प्रिंग, अशी तजवीज केली. चार मिलिमीटर जाडीच्या साध्या स्क्रूचा एक फेरा म्हणजे ०.७ मिलिमीटर, डावीकडच्या खालच्या स्क्रूला तीन फेरे देऊन भिंग नव्याने साधताच कोपऱ्यातल्या रेषा मोजता येऊ लागल्या.

एवढ्यावर प्रकरण मिटले असे वाटले, तोच पाऊण तासाच्या चित्रपटानंतर मध्यभाग मंदावू लागला. ऑगस्टीन फ्रेनेलने एकोणिसाव्या शतकात दीपगृहांसाठी कल्पिलेल्या भिंगाचीच पातळ अ‍ॅक्रिलिकची आवृत्ती आमच्या पॅनेलपुढे होती, आणि चौकटीत घट्ट आवळल्यामुळे उष्णतेने प्रसरण पावताना तिला फुगण्यावाचून गत्यंतर नव्हते. कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिके’च्या काचांवरची रंगीत चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर खेळवली, तेव्हा तापलेल्या काचेची धास्ती त्यांनाही वाटली असेल. चौकटीच्या खाचा सैल केल्या, कडांना दोन मिलिमीटर जागा सोडली आणि पंख्याची हवा तिकडे वळवली, फुगवटा गेला.

उरली ती थोडी क्षेत्रवक्रता. भिंगापुढे काळ्या कागदाचे लहान छिद्र ठेवल्यास कोपरे सुधारतात, पण उजेडाची किंमत मोजावी लागते. मला तो सौदा मान्य नव्हता. आमच्याकडे जपानी चित्रपट जास्त लागत, त्यांची इंग्रजी उपशीर्षके पडद्याच्या तळाशी येत आणि ती वाचता आली नाहीत की वडीलधाऱ्यांची कुरकूर सुरू होई. म्हणून वरच्या स्क्रूला भिंगाकडे अर्धा फेरा अधिक दिला. अक्षरे ठसठशीत झाली. वरच्या बाजूला जे किंचित धूसर राहिले ते बहुधा आकाशच असे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.