एका चुलीचा प्रवास

कल्याणच्या बाजारपेठेतील एका कच्छी कुटुंबाचे कापडाचे दुकान सहा वर्षांपूर्वी विभागले गेले. मूळ पेढी थोरल्याकडे राहिली, डोंबिवलीची शाखा धाकट्याकडे गेली. मुद्रांक, नोंदणी, साक्षीदार, सर्व काही यथासांग झाले. अडले ते अकरा लाखांच्या एका रकमेपाशी. डोंबिवलीचे दुकान उभे राहत असताना वडिलांनी हयातीत पेढीतून दिलेली ती रक्कम थोरल्याच्या वह्यांत 'येणे' म्हणून उभी होती आणि धाकट्याच्या वह्यांत 'भांडवल' म्हणून. दोघांचेही ताळेबंद आपापल्या जागी पैशापर्यंत जुळत होते. अशा जुळलेल्या ताळेबंदांनीच किती घरे बोलायची थांबली आहेत, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगावयास नको.

कल्याण आणि डोंबिवली यांच्यामध्ये ठाकुर्ली हे एकच स्थानक. तरीही दोन्ही घरांचे येणेजाणे लग्न आणि मयत यांपुरते उरले. त्यांची वृद्ध आई, घरात सर्वांची बा, शुक्ल पक्ष कल्याणला आणि कृष्ण पक्ष डोंबिवलीला काढीत. पंचांग पाहून घर बदलणाऱ्या या आईला कोणी कारण विचारीत नसे.

थोरल्याचा मुलगा ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथे नोकरीस आहे. आजीने एकदा तरी यावे असा त्याचा हट्ट होता. बांनी दिक्परिमाण व्रत घेतले होते, पण घेताना नातवाच्या देशापुरती मर्यादा मोकळी ठेवली होती. म्हणजे जाण्याची इच्छा मनात कोठेतरी होतीच. अडचण आहाराची होती. कंदमूळ वर्ज्य, पाणी उकळलेले, सूर्यास्तानंतर चौविहार. हॉटेलात हे कसे निभावणार? नातवाने उत्तर काढले. तिकडे कॅरॅव्हॅन भाड्याने मिळते. सहा जणांना झोपण्याची सोय, पाण्याची टाकी आणि दोन शेगड्यांची चूल असलेले चाकांवरचे घर. त्यातून वाळवंटातून मध्य ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन यावयाचे.

बांनी एकच विचारले, "चूल एकच ना?"

एकच आहे हे कळल्यावर त्यांनी आपली अट सांगितली. दोन्ही मुलगे आणि दोन्ही सुना बरोबर आल्या तर बा येणार. एक जरी मागे राहिला तरी नाही. सत्तरी ओलांडून बरीच वर्षे झालेल्या आईची अट मोडण्याचे धैर्य दोघांपैकी एकालाही झाले नाही. जून महिना ठरला. लग्नसराई सरलेली, पावसामुळे गिऱ्हाईक थंडावलेले. आणि आषाढ चौदशीला चातुर्मास बसण्यापूर्वी परतणे शक्य होते. निघण्याआधी बा ठाण्यास टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात दर्शन करून आल्या. समुद्रात लोटला गेलेला श्रीपाल कोकणच्या किनाऱ्यास लागून ठाण्यास आला, ही कथा ज्यांनी लहानपणापासून ऐकली त्यांना परदेशगमनापूर्वी ते स्थान आठवणे साहजिक होते.

काफिल्याने प्रवास करणे ही या भागास नवी गोष्ट नव्हे. प्राचीन काळी कल्याण हे बंदर होते. येथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर नाणेघाट चढून जुन्नरला आणि तेथून पुढे पैठणला जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखविला जातो. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचे उल्लेख आहेत. अशा काफिल्याला जुना शब्द 'सार्थ' आणि त्याच्या नायकाला 'सार्थवाह'. भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांची गणना धन सार्थवाहापासून होते, हे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. आपल्यात संघ निघतो तोही एक काफिलाच, आणि तो काढणाऱ्याच्या घराण्याला 'संघवी' हे आडनाव पिढ्यान्‌पिढ्या चिकटते. बा लहान असताना कच्छमधील आपल्या गावातून भद्रेश्वरला निघालेल्या छ'री पालित संघात आईचे बोट धरून चालल्या होत्या. तंबू, भांडी आणि धान्य घेऊन बैलगाड्या पुढे जात. संघ पायी मागून येई. एकाहारी, भूमिसंथारी, पादचारी अशा सहा नियमांनी बांधलेला तो प्रवास त्यांच्या मनात पक्का होता. विमानातून उतरून गाडीत पाऊल ठेवताना त्या सुनांना म्हणाल्या, "पादचारी काही राहिले नाही. जेवढे जमेल तेवढे पाळू."

गाडी नातू चालवी. अ‍ॅडलेडहून उत्तरेस तीनशे किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टा आहे. तेथून स्टुअर्ट महामार्ग धरला की वस्ती जवळजवळ संपते. तांबडी माती, खुरटी झुडपे आणि पन्नास-पन्नास मीटर लांबीचे मालवाहू ट्रक. पिम्बा ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला हार्ट सरोवर लागले. नाव सरोवर, पण पाहावे तिकडे मिठाचा पांढरा पापुद्रा. गाडी थांबली. बा काठी टेकीत कडेपर्यंत गेल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. "हे तर रण आहे," एवढेच म्हणाल्या. ज्यांना हा प्रदेश परका वाटेल म्हणून सर्वांनी काळजी वाहिली होती, त्याच एकट्यांना तो ओळखीचा निघाला. कोठल्या झुडपाखाली सावली टिकेल, वारा कोणत्या बाजूने येतो म्हणून चूल कोठे लावावी, हे त्या पुढे नातवाला सांगू लागल्या.

तेथे भाड्याच्या गाड्यांना वस्तीबाहेर अंधार पडल्यावर रस्त्यावर राहण्यास बंदी असते, कारण कांगारू संधिप्रकाशात गाडीसमोर येतात. कल्याणला जूनमध्ये सूर्य सव्वासातला मावळतो; तेथे तो हिवाळा, म्हणून बराच आधी. चार-साडेचारला गाडी थांबे, चूल पेटे, आणि सूर्य असेतो सहाही जणांचे जेवण आटपे. डोंबिवलीची धाकटी सून घरी रात्री नऊला जेवणारी. पहिल्या दोन दिवशी तिला जड गेले. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच घड्याळ पाहू लागली. सकाळी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी, तोवर गाडीत कोणी चहाचे नाव काढीत नसे. उकळलेल्या पाण्याचा काळ हा एक प्रश्न निघाला. आपल्याकडे उन्हाळ्याचे पाच प्रहर, तेथे हिवाळ्याचे चार. पंचांग कल्याणचे धरावे की थंडी तेथील? बांनी दोहोंतले कमी ते धरले.

कूबर पेडी हे गाव ओपल नावाच्या रत्नाचे. 1915 साली तेथे ओपल सापडला, आणि उन्हाच्या तडाख्यामुळे लोक खणलेल्या जमिनीतच घरे करून राहिले. डोंगर आतून कोरलेली ती घरे वर्षभर समशीतोष्ण राहतात. रत्नांचे गाव म्हटल्यावर दोन्ही भावांतील व्यापारी जागा झाला. पातळ ओपलच्या पाठीस काळा दगड चिकटवून केलेला जोडदगड आणि अखंड दगड यांतील फरक थोरल्याने कडेने पाहून ओळखला. भाव धाकट्याने पाडला. सहा वर्षांत दोघांनी मिळून केलेला तो पहिला सौदा. तो पूर्ण मात्र झाला नाही. बांनी विचारले, हे जमीन फोडूनच काढतात ना? श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत स्फोटक कर्म आहे, असे त्या शांतपणे म्हणाल्या. नातू हसून म्हणाला, "बा, त्यातच भाटक कर्मही आहे. ही गाडी भाड्याचीच आहे." बाही हसल्या, पण ओपल घेतला गेला नाही.

पाणी त्या गावात यंत्रात नाणे टाकून भरावे लागते. टाकी तेथे काठोकाठ भरली. धाकट्याने पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती. किती लिटर भरले, स्वयंपाकाला किती, भांड्यांना किती, शिल्लक किती. रोजमेळच तो. थोरला रात्री ती वही घेऊन शिल्लक टाकीवरच्या काट्याशी ताडून पाही. दोघांत फारसे बोलणे होत नसे, वही मात्र इकडून तिकडे फिरे.

कूबर पेडीच्या पुढे एका थांब्यावर रात्र काढली. सकाळी टाकी रिकामी निघाली. पंप चालू राहिला होता आणि मोरीचा नळ पुरता बंद नव्हता. रात्रभर धार लागून पाणी वाहून गेले. जिवावरचा प्रसंग नव्हता. पिण्याचे पाणी वेगळे होते, आणि काही तासांवर पुढचा पंप होता. परंतु पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव मानणाऱ्या घरात सत्तर-ऐंशी लिटर पाणी उगाच वाहून जाणे ही लहान गोष्ट नव्हती. शेवटी भांडी कोणी घासली, हा प्रश्न थोरलीने विचारला. नळ नंतर कोणी वापरला, हा धाकटीने. मग आवाज चढले, आणि पाण्यावरून निघालेले बोलणे बघता बघता अकरा लाखांवर आले. सहा वर्षे जे वकिलांच्या तोंडून बोलले गेले ते त्या ओसाड रस्त्याच्या कडेला प्रथमच समोरासमोर बोलले गेले. नातू गाडीबाहेर जाऊन उभा राहिला.

बांनी धाकट्याकडून वही मागून घेतली. "वाया गेले ते माझ्या नावे लिही," त्या म्हणाल्या.

"बा, तू तर रात्री पाण्याला हातही लावत नाहीस," धाकटा म्हणाला.

"संघ मी काढला. नुकसान माझ्या खाती."

मग त्यांनी धन सार्थवाहाचे पुढचे सांगितले. त्याने आचार्यांना आपल्या काफिल्याबरोबर नेले. पावसाळ्यात काफिला अडकला, आणि आपल्या व्यापात तो त्यांना विसरला. आठवण झाली तेव्हा लाजेने त्यांच्याकडे गेला. जवळ देण्यास कल्पनीय असे तूपच होते, ते त्याने दिले. "तूप सगळ्यांना आठवते," बा म्हणाल्या, "आधी तो विसरला होता हे कोणी सांगत नाही." थोरल्याने मान खाली घातली, की काटा पाहिला, हे सांगणे कठीण आहे. धाकट्याने वहीत नोंद केली.

उलुरूचा तांबडा खडक तीनशे अठ्ठेचाळीस मीटर उंच सपाटीतून एकदम वर येतो. तो तेथील मूळ निवासी अनांगू लोकांचे पवित्र स्थान आहे. 1985 साली ती जमीन त्यांना परत मिळाली, आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून त्यावर चढणे बंद झाले. इतक्या दूर येऊन वर जाता येत नाही म्हणून सुनांना हळहळ वाटली. बांना वाटली नाही. शत्रुंजयावर तरी रात्री कोण राहते, त्या म्हणाल्या. खाली उतरायचेच असते. खडकाभोवतीची पायवाट साडेदहा किलोमीटरची. तिच्या एका भागावर दोघे भाऊ एकत्र चालत गेले आणि दीड तासाने परतले. काय बोलले ते त्यांनी कोणास सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

जवळच सैर करविणारे उंट होते. 1866 साली कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांचे उंटवान जहाजाने या देशात आणले गेले. तार, रेल्वे, लोकर यांची ओझी त्यांनी वाहिली. मोटारी आल्यावर उंट मोकळे सोडले गेले, रानात वाढले, पाणवठे आटवू लागले. आणि 2009 ते 2013 या काळात सुमारे एक लाख साठ हजार उंट काढून टाकण्यात आले, बहुतेक गोळ्या घालून. नातवाने पाण्याचे कारण नीट समजावून सांगितले. कारण खोटे नव्हते. बांनी आकडा पुन्हा विचारून घेतला, हात जोडले, आणि त्या दिवशी उपवास केला. कल्याणला परतल्यावर कच्छमधील पांजरापोळीला त्यांच्या नावाने रक्कम गेली. ती दोन्ही दुकानांतून निम्मी-निम्मी गेली; कोणी ठरविले ते कळले नाही.

गाडी परत करताना टाकीत चोवीस लिटर पाणी उरले होते. ते गाळून झाडांना घातले. वही थोरल्याने मागून घेतली.

अकरा लाखांची नोंद आजही दोन्हीकडे आहे तशीच आहे. दोन्ही पाट्या वेगळ्या, गिऱ्हाईक वेगळे. संवत्सरीला आजवर दोन्ही घरांत मोबाइलवरून हात जोडलेले चित्र जाई. या वर्षी प्रतिक्रमण झाल्यावर धाकटा पावसात ठाकुर्ली ओलांडून कल्याणला आला. कृष्ण पक्ष संपून शुक्ल पक्ष लागला होता, त्यामुळे बा तेथेच होत्या. त्याने आधी बांना आणि मग थोरल्याला 'मिच्छामि दुक्कडं' म्हटले. उपवास दोघांचाही होता. गाड्या उशिराने धावत होत्या म्हणून तो रात्री तेथेच राहिला. सकाळी नवकारशीच्या वेळेला थोरलीने पारण्याचे मुगाचे पाणी दोन वाट्यांत ओतले, आणि थोरला म्हणाला, "मीठ बघ रे, कमी असेल तर सांग."