हरिणांची वाट

आपल्या घरांतून सॅम्युएल, सोलोमन, आबिगाईल ही नावे हळूहळू मागे पडली. नातवंडांत आता त्सवी आहे, ओफेर आहे, अयाला आहे. त्सवी म्हणजे हरिण, ओफेर म्हणजे पाडस आणि अयाला म्हणजे हरिणी. नावे ठेवली आम्ही मोठ्या हौसेने, पण या मुलांपैकी किती जणांनी खरे हरिण रानात मोकळे हिंडताना पाहिले असेल? आणि त्यांच्या मुलांना ते दिसेल काय? आज वाचकांपुढे हाच विषय ठेवावासा वाटतो.

या देशातले डोंगरी हरिण आपल्याकडच्या चिंकाऱ्याचे भाऊबंद. अंगाने लहान, पायांनी चपळ आणि स्वभावाने भित्रे. सगळ्या देशात मिळून त्यांची संख्या सुमारे ५,००० भरते. १९५५ च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण मिळाले, तरी चोरटी शिकार थांबलेली नाही. त्यात भटकी कुत्री आणि रस्ते यांची भर पडली. रस्त्याचा त्रास दुहेरी आहे. मोटारीखाली सापडून हरिण मरते हे आपल्याला दिसते. पण रस्त्याने डोंगराचे दोन तुकडे होतात आणि एका तुकड्यातला कळप दुसऱ्याला कायमचा पारखा होतो, हे चटकन ध्यानात येत नाही.

जेरुसलेम शहरात याचे उदाहरण घडले आहे. बेगिन मार्ग आणि दुसरे दोन वर्दळीचे रस्ते यांच्या मध्ये एक खोलगट जागा आहे. पूर्वी तेथे फळबागा होत्या आणि भोवतालच्या डोंगरांतून हरिणे येत-जात असत. रस्ते वाढले, इमारती उठल्या आणि आत होती ती हरिणे तेथेच अडकली. काही मोटारींखाली गेली, काही कुत्र्यांनी फाडली. शेवटी कळपात फक्त ३ उरली. त्या जागेवर मोठमोठ्या इमारती बांधण्याचा बेत होता. आसपासच्या वस्तीतले रहिवासी आणि निसर्गरक्षणाचे काम करणारी मंडळी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडली. ही माणसे तुमच्या-आमच्यासारखी, नोकरी-संसार सांभाळणारी होती. बेत मागे पडला आणि २०१५ साली ‘हरिणांचे खोरे’ हे उद्यान सर्वांसाठी खुले झाले. आज तेथे हरिणे डझनावारी आहेत. आमची काही मंडळी मुलांना घेऊन तेथे गेली होती. पलीकडे मोटारींची रांग आणि अलीकडे शांतपणे चरणारी हरिणे पाहून मुले हरखून गेली.

परंतु परतताना आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, “अहो, कुंपणाने कुत्री बाहेर राहिली हे ठीक. पण यांची सोयरीक कोठे होणार?”

आम्ही हसलो खरे, पण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. आपले पूर्वज कुलाबा जिल्ह्यात गावोगाव विखुरलेले होते. एकेका गावात दोन-चार घरे. गावावरूनच पेणकर, नवगावकर अशी आडनावे पडली. मुलगा लग्नाचा झाला की वडीलमंडळी बैलगाडी जोडून दुसऱ्या गावची वाट धरीत. नवगावच्या घरात पेणची सून आली, रेवदंड्याची लेक अलिबागेत नांदली. गावागावांतल्या त्या वाटा बंद पडल्या असत्या, तर दोन-चार घरांचा तो संसार किती पिढ्या टिकला असता? हरिणांचेही तसेच आहे. लहान कळप एकाच जागी कोंडला की रक्तातल्या रक्तात वीण होते, प्रजा दुबळी निपजते आणि एखाद्या साथीत सगळा कळप जाऊ शकतो. म्हणून कुंपणाइतकीच वाटही लागते.

अशी वाट बांधून देता येते. तेल अवीवहून जेरुसलेमला जाणारा १ नंबरचा महामार्ग शाअर हगाय ओलांडला की डोंगर चढू लागतो. या टप्प्याचे रुंदीकरण झाले, तेव्हा वन्य प्राण्यांकरिताही रस्त्यावरून एक पूल टाकण्यात आला. अशा पुलावर डांबर नसते. त्यावर मातीचा जाड थर घालतात, त्या भागातली झुडुपे लावतात आणि मोटारींचे दिवे व आवाज अडावेत म्हणून कडेला आडोसा करतात. दोन्ही बाजूंच्या कुंपणाने जनावर आपोआप पुलाकडे वळते. साळिंदर, कोल्हा यांना रस्त्याखालची मोरीही चालते. हरिण मात्र अंधाऱ्या, अरुंद बोगद्यात शिरायला बिचकते. त्याला मोकळे आभाळ आणि पलीकडचे रान दिसावे लागते.

हा खर्च वाया जातो काय? कॅनडातल्या बॅन्फ येथे पर्वतराजीतून मोठा महामार्ग जातो. तेथे १९८० नंतरच्या काळात रस्त्याच्या कडेने २.४ मीटर उंच कुंपण घालत नेले आणि टप्प्याटप्प्याने ६ पूल व ३८ भुयारी वाटा बांधल्या. मोठ्या जनावरांशी होणारे अपघात ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्यात माणसांचेही जीव वाचले, कारण रात्री भरधाव मोटारीपुढे मोठे जनावर आले तर मोटारीतली माणसेही वाचतील याचा भरवसा नसतो. मात्र धीर धरावा लागतो. अस्वलांना नव्या पुलाची सवय व्हायला काही वर्षे लागली.

आपल्या जन्मभूमीतही हा प्रश्न आहेच. मुंबईहून पनवेलमार्गे पेण-अलिबागला गेलेल्या प्रत्येकाला कर्नाळ्याचा सुळका आठवत असेल. १९६८ साली पक्षी अभयारण्य झालेल्या त्या रानातूनच गोव्याचा महामार्ग जातो. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, पेंचच्या जंगलातून नागपूर-जबलपूर रस्ता रुंद करताना कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत ९ ठिकाणी रस्ता उचलून खाली जनावरांसाठी वाट मोकळी ठेवली. त्यांतली सर्वांत लांब वाट ७५० मीटरची आहे. २०१९ साली त्या वाटांवरून वाघ गेल्याचे कॅमेऱ्यांत दिसले.

वाचकहो, यातून आपण काय घ्यायचे? डोंगराच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला आणि पहाटे मोटार सावकाश हाका, कारण ती जनावरांची फिरण्याची वेळ. सहलीला गेलात तर कुत्रा बांधलेला ठेवा. उरलेले अन्न रानात टाकू नका, त्यामुळे भटकी कुत्री व कोल्हे वाढतात. आणि तुमच्या गावाजवळ नवा रस्ता किंवा नवी वस्ती आखली जात असेल, तर तो नकाशा एकदा पाहून या. त्यात जनावरांची वाट कोठे ठेवली आहे, असे मुदतीत, लेखी विचारा. रस्ता झाल्यावर पूल बांधणे महाग पडते. आधी विचारायला फक्त एक अर्ज आणि थोडा वेळ लागतो. खोऱ्यातली ती ३ हरिणे कोणीतरी वेळेवर विचारले म्हणूनच वाचली.