जळणारी पुस्तके आणि एक प्रश्न

रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ ही कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९६६ साली तिच्यावर इंग्रजीत चित्रपट काढला. भविष्यातील एका राज्यात पुस्तक बाळगणे हा गुन्हा आहे. तिथले अग्निशामक दल आग विझवत नाही. घरोघरी झडती घेऊन सापडलेली पुस्तके जाळते. माँटॅग हा त्याच दलातला जवान. एका रात्री तो चोरून डिकन्सची कादंबरी उघडतो, ओळीखाली बोट धरून वाचू लागतो आणि त्याचे आयुष्य बदलते.

त्रुफो यांची एक योजना मला फार आवडते. चित्रपटाच्या प्रारंभी कलावंतांची नावे पडद्यावर लिहून येत नाहीत, ती कुणीतरी उच्चारते. अक्षरच निषिद्ध असेल तर पाट्या कशा दिसणार? माँटॅगच्या हातातल्या वर्तमानपत्रातही शब्द नाहीत, नुसती चित्रे आहेत.

शाळेच्या सभागृहात नववी-दहावीच्या मुलामुलींना हा चित्रपट दाखवला तेव्हा संवाद मराठीत सांगण्यासाठी मी तो मधूनमधून थांबवीत होतो. एक वृद्धा आपली पुस्तके सोडून जाण्यास नकार देते आणि स्वतःच्या हाताने काडी ओढून त्यांच्यासह जळून जाते, तेव्हा सभागृह निःशब्द झाले. त्याच प्रसंगात दलाचा कॅप्टन माँटॅगला समजावतो की पुस्तके माणसाला असमाधानी करतात, वाचणारा स्वतःला इतरांहून थोर समजू लागतो; सर्वांनी सारखे व्हायचे तर पुस्तके जाळलीच पाहिजेत. समतेचा शब्द त्याच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा येतो. समतेच्या शेजारी स्वातंत्र्य आणि बंधुता नसेल तर ती काय रूप घेते, हे बाबासाहेबांच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

चित्रपट संपल्यावर दहावीतली एक मुलगी उठली. “सर, मग आपण २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन पाळतो, ते काय?”

काही मुले तिच्याकडे रागाने पाहू लागली. मला मात्र तिचे कौतुक वाटले. हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हे. १९२७ साली महाडच्या परिषदेत दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. तिथे कुणाच्या घराची झडती झाली नाही, वाचणाऱ्याला शिक्षा झाली नाही, ग्रंथही नाहीसा झाला नाही. तो आजही दुकानात मिळतो. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांनी आपल्यावर लादलेल्या कायद्याची सत्ता भर सभेत नाकारली. चित्रपटातली आग वाचणे बंद करण्यासाठी आहे. महाडची आग पेटवणाऱ्या नेत्याने पुढे ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधले आणि तीच स्मृती आपल्या लेखनातून कठोरपणे तपासली. न वाचता जाळणे आणि वाचून नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी तिला सांगितले. तिचे पूर्ण समाधान झालेले दिसले नाही. “वाचून जाळणारेही वाईट असू शकतात ना?” असे ती म्हणाली. असू शकतात. चित्रपटातल्या कॅप्टनलाही पुस्तकांची बरीच माहिती आहे.

शेवटी माँटॅग पळून अरण्यात जातो. तिथे प्रत्येक माणसाने एकेक पुस्तक मुखोद्गत केले आहे. बर्फ पडत असताना एक मरणासन्न म्हातारा आपले पुस्तक एका मुलाच्या कंठात उतरवतो. हे दृश्य आपल्याला परके वाटूच नये. पहिल्या संगीतीत, त्या प्राचीन राजगृहात, आनंदांनी धम्म आणि उपालींनी विनय असाच मुखाने सांगितला. पुढे दीघनिकायाचे भाणक वेगळे, मज्झिमनिकायाचे वेगळे. एकेक संघ म्हणजे एकेक चालता ग्रंथ. श्रीलंकेत इसवी सनपूर्व पहिल्या शतकात दुष्काळ आणि युद्धामुळे हे कंठच नाहीसे होण्याची वेळ आली, तेव्हा त्रिपिटक लिहून काढले गेले. उपाली जातीने न्हावी होते, हेही मुलांना सांगितले.

त्या आठवड्यात काही मुलांनी आपापसांत पुस्तके वाटून घेतली. धम्मपदाचे वग्ग लगेच संपले. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ अद्याप कुणी घेतलेले नाही. जाड आहे म्हणतात. ती मुलगी मात्र ग्रंथपालांकडे मनुस्मृतीची प्रत मागून गेली आहे.