आमचा ल कुणी बदलला?



सहावीच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासत होतो. एका मुलीने सगळे ल आणि श हिंदी वळणाचे काढले होते. आम्ही प्रत्येक ल भोवती लाल गोल केला आणि खाली शेरा दिला, ‘चूक. मराठी ल काढावा.’

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन समोर उभी राहिली. डोळे भरलेले. म्हणाली, “सर, तुम्ही ग्रुपवर गृहपाठ पाठवता ना, त्यात असाच ल असतो. मी आईच्या फोनवरूनच उतरवून घेतलं.”

“शक्यच नाही,” असे म्हणून आम्ही आमचा फोन काढला. दोन वर्षांपूर्वी भुसावळच्या भाच्याने त्यात मराठी वळणाचा छान फॉन्ट बसवून दिला होता, अक्षरही मोठे करून दिले होते. पाहतो तर काय, आमच्याही फोनमध्ये हिंदी ल! मग आठवले. पंधरा-वीस दिवसांपूर्वी फोनने ‘अपडेट करायचे का?’ म्हणून विचारले होते आणि आम्ही ‘हो’ दाबून झोपलो होतो. जुन्या आवृत्तीसाठी केलेला फॉन्ट कधीकधी नव्या आवृत्तीत चालत नाही. मग फोन गुपचूप आपला मूळचा फॉन्ट लावतो. अक्षराचा आकार मोठाच राहिला, म्हणून आमच्या काही लक्षात आले नाही. आम्ही मराठी शिकवतो, तरी बदललेला ल आम्हाला दिसला नाही. तो सहावीतल्या मुलीने दाखवला.

यातली गंमत मुलांनी समजून घ्यावी. आपण फोनवरून ‘ल’ पाठवतो तेव्हा त्याचे चित्र जात नाही, फक्त एक क्रमांक जातो. १९९१ साली आलेल्या युनिकोड या जागतिक पद्धतीत ल चा क्रमांक २३५४ आणि श चा २३५८ आहे. मराठी असो की हिंदी, क्रमांक तोच. त्याला रूप कोणते द्यायचे, हे समोरच्याच्या फोनमधला फॉन्ट ठरवतो. म्हणजे आम्ही कितीही हौसेने आमच्या फोनचा ल सजवला, तरी त्या मुलीच्या आईला तिच्या फोनचाच ल दिसणार.

मराठी ल ला दोन पाकळ्या असतात, हिंदी ल ला उजवीकडे उभा दांडा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा असे ठरवून दिले. हे वळण मात्र त्याहून कितीतरी जुने. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या सुबक खिळ्यांवर मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांची नजर घडली. खिळे झिजले की नवे ओतत, पण रात्रीतून अक्षर बदलले असे होत नसे.

दुसरा ल चूक आहे का? नाही. देवनागरीत दोन्ही बरोबर आहेत, आणि आपल्या मुलांना दोन्ही यायला हवेत. म्हणून आम्ही वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली आणि ‘चूक’ हा शब्द खोडला.

पण एक काळजी राहिलीच. बुऱ्हाणपुरात आपल्या मुलांना मराठी ल दिसतो कुठे? शनवाऱ्यावरच्या पाट्या हिंदी, बाकीच्या विषयांची पुस्तके हिंदी, आणि आता फोनही तसाच. उरले मराठीचे पुस्तक, आजोबांची जुनी पत्रे आणि आमचा फळा. कुणी हाकलून न देताही एखादी गोष्ट घरातून निघून जाते, ती अशी.

मग एका शनिवारी काही पालकांना फोन घेऊन शाळेत बोलावले. फोनची भाषा हिंदी किंवा इंग्रजी होती ती मराठी केली. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि भाषा पाहून फोन योग्य ते निवडतो. काहींच्या फोनवर लगेच पाकळीचा ल आला, काहींच्या आलाच नाही. आमचाही आला नाही. पुढच्या अपडेटला आणखी काय होईल, देव जाणे.

आपल्या गावच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही दगडात कोरलेला आहे. चारशेहून अधिक वर्षे झाली, तो आहे तसाच आहे. फोनकडून तशी अपेक्षा नाही. हाताकडून मात्र आहे. हाताला एकदा लागलेले वळण कुठल्याही अपडेटने जात नाही. म्हणून आता सहावीचा गृहपाठ ग्रुपवर येईल तो आम्ही हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो असेल.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. फाटकावरची पाटी यंदा नव्याने रंगवायची आहे. ‘शाळा’ या शब्दात पहिलेच अक्षर श आहे. पेंटरला आधी कागदावर काढून दाखवावे.

आणि मुलांनो, हे पान छापताना त्यात कोणता ल उमटला आहे ते नीट पाहा. चुकला असेल तर लाल पेन घ्या, गोल करा आणि वही घेऊन आमच्याकडे या. या वेळी शेरा तुम्ही द्यायचा.