शर्यतीतील धडक आणि हळदीतील शिसे

अन्नसुरक्षा आणि मोटार शर्यती या दोन विषयांच्या बातम्या सारख्याच आस्थेने वाचणाऱ्याच्या हळूहळू लक्षात येते, की माणसाच्या जिवाची काळजी दोन्हीकडे बोलून दाखवली जात असली, तरी हानी झाल्यावर तिच्या मुळापर्यंत जाण्याची रीत मात्र दोन्हीकडे फार वेगळी आहे. प्रस्तुत लेखिकेला ही जाणीव प्रथम तीव्रतेने झाली, ती २९ नोव्हेंबर २०२० च्या रविवारी बहरीनमधील फॉर्म्युला वन शर्यत दूरचित्रवाणीवर पाहताना, आणि पुढे मसाल्यांच्या भेसळीविषयी वाचत गेल्यावर ती अधिकाधिक पक्की झाली.

त्या शर्यतीच्या पहिल्याच फेरीत रोमां ग्रोजाँ या चालकाची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने कडेच्या लोखंडी कठड्यावर आदळली, तिचे दोन तुकडे झाले आणि आगीचा मोठा लोळ उठला. काही काळ पडद्यावर अपघाताची जागा जवळून दाखवलीच गेली नाही, त्यामुळे पाहणाऱ्यांच्या मनात नको ती शंका येऊन गेली. नंतर ग्रोजाँ वैद्यकीय मोटारीत बसलेला दिसला, तेव्हा त्याच्या डाव्या पायात बूट नव्हता. गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट आघात सोसूनही तो अर्ध्या मिनिटाच्या आत ज्वाळांतून बाहेर आला होता आणि त्याचे हात भाजले होते, एवढीच काय ती मुख्य इजा होती.

याला दैवयोग म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण त्या सुटकेतील जवळजवळ प्रत्येक दुव्यामागे पूर्वीचा एखादा मृत्यू आणि त्याची कसून केलेली चौकशी उभी आहे. धडकेच्या वेळी धड पट्ट्यांनी जखडलेले राहते आणि डोके पुढे फेकले जाते, त्यामुळे कवटीच्या तळाशी जीवघेणा अस्थिभंग होतो. १९९४ मध्ये इमोला येथे रोलंड रात्सेनबर्गर याचा अंत अशाच इजेने झाला. शिरस्त्राण खांद्यांवरील चौकटीला जोडून मानेवरचा हा ताण कमी करणारे ‘हान्स’ नावाचे साधन २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचे झाले. चालकाच्या डोक्याभोवती बसवली जाणारी टायटॅनियमची कमान, म्हणजे ‘हेलो’, २०१८ मध्ये आली. तिच्यामागील शोधाला ज्यूल्स बियांकी याच्या २०१४ मधील सुझुका येथील अपघातानंतर वेग आला होता. ग्रोजाँ स्वतः या कमानीच्या विरोधात होता आणि बहरीननंतर त्याने आपले मत जाहीरपणे बदलले, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. पुढच्याच आठवड्यात त्याच संकुलात दुसरी शर्यत होती आणि तोवर त्या कठड्यापुढे टायरांच्या रांगा रचल्या गेल्या होत्या.

शर्यतीतील अपघाताला जागा असते, क्षण असतो, लाखो साक्षीदार असतात. अन्नातून होणाऱ्या हानीला बहुधा यांपैकी काहीच नसते, आणि तिची उपेक्षा होण्याचे खरे कारण हेच आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. हळदीतील शिशाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. काढणीनंतर हळकुंडे शिजवून, वाळवून आणि फिरत्या ड्रममध्ये घासून चकचकीत केली जातात, हे सांगलीच्या हळद बाजाराशी परिचित असलेल्यांना ठाऊकच आहे. बांगलादेशात १९८० च्या दशकात पुरामुळे भिजून निस्तेज पडलेल्या हळकुंडांना याच टप्प्यावर लेड क्रोमेट, म्हणजे रंगकामात वापरले जाणारे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य, चोळण्याची पद्धत पडली आणि पूर ओसरला तरी ती टिकली, कारण गिऱ्हाइकाला पिवळाधमक रंग हवा होता. शिसे विशेषतः लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते. परंतु ती इजा ताप किंवा वांती होऊन दिसत नाही, बुद्धीच्या वाढीत पडलेली तूट म्हणून ती राहते, आणि अशा तुटीचा संबंध कोणती आई फोडणीतल्या चिमूटभर हळदीशी जोडणार?

हा संबंध जुळला तो ग्रामीण भागातील गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे कोठून येते, याचा माग काढताना. शिशाची समस्थानिके, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू, कोणत्या प्रमाणात आढळतात यावरून त्याचा उगम ताडता येतो, आणि रक्तातील शिसे हळदीतील शिशाशी जुळले. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याची ‘आयसीडीडीआर,बी’ ही संस्था यांतील संशोधकांचे हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध होताच तेथील सरकारने बाजारांत सूचना लावल्या, हातात धरता येणाऱ्या क्ष-किरण उपकरणाने जागच्या जागी तपासणी केली आणि दोषी व्यापाऱ्यांना दंड ठोठावला.

भारतात कायद्याची उणीव आहे, असे म्हणता येत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानुसार घेतलेल्या नमुन्याचे चार भाग केले जातात, विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर अपील करण्याचीही सोय आहे. तरीही सणासुदीला येणारी भेसळीची बातमी बहुतेक वेळा जप्त मालाच्या किलोंपाशीच थांबते. अहवालात काय निघाले, पदार्थ नेमका कोणत्या टप्प्यावर बिघडला आणि त्यानंतर कोणती प्रक्रिया बदलली गेली, हे वाचकाला क्वचितच कळते, आणि याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. दक्षिण आशियातील शहरांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटण्यातील हळदीच्या नमुन्यात दर ग्रॅममागे १,००० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आढळले, वास्तविक हळदपुडीसाठी भारतातील मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. बांगलादेशात मात्र बाजारातील शिसेयुक्त नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आले, आणि हळदीच्या गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांच्या रक्तातील शिसेही घटले.