ब्लॅकबोर्ड हिरवा कसा?

मागच्या आठवड्यात चौथीला इंग्रजीतले कंपाउंड वर्ड्स घेतले. फूट आणि बॉल मिळून फुटबॉल, रेन आणि कोट मिळून रेनकोट, इथपर्यंत वर्ग खूश. मग म्हटलं, आता टाळ्या वाजवून सिलॅबल मोजा. एका मुलीने फुटबॉलला चार टाळ्या वाजवल्या. फु, ट, बॉ, ल. मी पटकन ‘चूक’ म्हणाले. तास संपेपर्यंत तिने पुन्हा हात वर केला नाही.

संध्याकाळी पोळ्या लाटताना लक्षात आलं, चूक तिची नव्हतीच. पहिलीत मीच तिला अक्षरं मोजायला शिकवलं होतं. कमळ, तीन अक्षरं, तीन टाळ्या. पण बोलताना आपण क-म-ळ कुठे म्हणतो? क-मळ म्हणतो. समोरचा पोळपाटच घ्या ना. लिहिताना चार अक्षरं, बोलताना पोळ-पाट, दोनच.

दुसऱ्या दिवशी सुरुवात पोळपाटानेच केली. तळहात हनुवटीला खालून लावायचा, शब्द सावकाश म्हणायचा, हनुवटी किती वेळा खाली येते ते मोजायचं. तोंड स्वरासाठी उघडतं, म्हणून जेवढे स्वर ऐकू येतात तेवढे सिलॅबल. पोळपाट दोन, फुटबॉल दोन, ग्रँडमदर तीन, वॉटरमेलन चार. त्या मुलीला पुढे बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, काल बाईंनीच नीट समजावलं नव्हतं.

स्ट्रेसचं प्रकरण मात्र अवघड. मराठीत जोर बदलला म्हणून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे कानाला सवयच नाही. मी फळ्याकडे बोट करून सांगितलं, ‘ब्लॅक’वर जोर दिला की ब्लॅकबोर्ड, म्हणजे शाळेतला फळा. शब्द सुटे ठेवून ‘बोर्ड’वर जोर दिला की काळ्या रंगाचा कुठलाही बोर्ड. मागून आवाज आला, “बाई, पण आपला ब्लॅकबोर्ड तर हिरवा आहे!”

वर्ग हसला, आणि माझं काम झालं. जोर पहिल्या शब्दावर गेला की रंग मागे पडतो, वस्तू तेवढी उरते. म्हणून रोपांचं ग्रीनहाउस पांढरं असलं तरी ग्रीनहाउसच. मग जोराला मोठी टाळी, बाकीच्यांना छोटी. अपवाद आहेतच, अ‍ॅपल पायमध्ये जोर ‘पाय’वर जातो. पण चौथीत ते मी मुद्दाम काढलं नाही. पालकांनीही घरी एवढ्यात काढू नये.

मधल्या सुट्टीत ती मुलगी खिचडीचं ताट घेऊन माझ्याकडे आली. दुसरा हात हनुवटीखाली. “बाई, स्वयंपाकघराचे चारच होतात. लिहिताना सहा आहेत.”